किनाऱ्यावरची नोंदवही : कोकणातील कासवमित्रांची दोन दशके

सागरी कासवांची अंडी चोरीला जाणारा किनारा म्हणून वेळासची नोंद २००२ मध्ये झाली. आज हेच गाव किनारी संवर्धनाचा वस्तुपाठ म्हणून ओळखले जाते. या वाटचालीत निधी, कायदा आणि प्रसिद्धी यांचा वाटा आहेच. पण रोज पहाटे पुळणीवर चालणारा, प्रशिक्षण घेतलेला स्थानिक माणूस आणि त्याच्या हातातील वही यांच्यावाचून ती झाली नसती.

थंडीचे दिवस, पहाटेची वेळ आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा किनारा. सुरूच्या बनातून एक जण विजेरी घेऊन खाली पुळणीवर उतरतो आणि वाळूवर नजर ठेवून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालू लागतो. ओल्या वाळूवर वल्ह्यासारख्या पायांचे आलटूनपालटून उमटलेले ठसे, मधोमध पोट घासल्याची पट्टी, पाण्याकडून वर आलेली एक रेघ आणि पाण्याकडे परतलेली दुसरी. असा माग दिसला की चालणे थांबते आणि वही उघडली जाते. तारीख, वेळ, जागा, भरतीरेषेपासूनचे अंतर, अंड्यांची संख्या. ऑलिव्ह रिडले जातीच्या मादीने रात्री कधीतरी येऊन तासाभरात खड्डा खणलेला असतो, शंभर-सव्वाशे अंडी घातलेली असतात, खड्डा बुजवून ती निघूनही गेलेली असते. आपल्या पिलांची भेट तिला कधीच होत नाही. पुढचे पन्नासएक दिवस त्या अंड्यांची राखण करणाऱ्याला कोकणात ‘कासवमित्र’ म्हणतात.

अंड्यांच्या टरफलांपासून सुरुवात

वेळास हे मंडणगड तालुक्यातील छोटे गाव. सावित्रीच्या मुखावरील बाणकोटचा किल्ला येथून हाकेच्या अंतरावर. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित होते. निसर्गाच्या अभ्यासकांना मात्र २००२ पर्यंत त्याची विशेष माहिती नव्हती. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे कार्यकर्ते त्या सुमारास भाऊ काटदरे यांच्या नेतृत्वाखाली पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करीत किनारा पालथा घालीत होते. वेळासच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. गावात चौकशी केली तेव्हा कळले, की कासवे येथे दरवर्षी येतात आणि त्यांची बहुतेक सर्व अंडी काढून नेली जातात. काही माणसे नेत, उरलेली कोल्हे आणि कुत्री उकरून खात.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. ऑलिव्ह रिडले कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच या कासवाला. परंतु हा कायदा वेळासच्या वाळूपर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. त्यात आश्चर्य वाटण्यासारखे फारसे काही नाही. आडबाजूचा किनारा, मध्यरात्रीनंतरची वेळ आणि वाळूखाली दीड-दोन फुटांवर दडलेली अंडी. तेथे पहारा ठेवणे कोणत्याही सरकारी खात्याला पगारी कर्मचाऱ्यांच्या बळावर शक्य नव्हते.

संस्थेने निवडलेला मार्ग वेगळा होता. घरटी शोधण्यात तरबेज कोण, तर अंडी काढणारेच. कासव कोणत्या रात्री येण्याचा संभव आहे, माग कसा वाचायचा, कोणत्या ठिकाणी वाळू भुसभुशीत लागते, हे सारे ज्ञान त्यांच्याकडे पिढीजात होते. त्यांनाच मानधन देऊन राखणीवर घेण्यात आले. गावसभा झाल्या, ग्रामपंचायतीला बरोबर घेण्यात आले, शाळेत मुलांना चित्रे दाखवण्यात आली. कूर्मावताराचा दाखला देण्यात आला आणि देवळाच्या सभामंडपात ज्याला हात लावून नमस्कार करायचा त्याची अंडी खायची, यातील विसंगतीही गावकऱ्यांसमोर ठेवण्यात आली. श्रद्धेचा हा आधार किती कामी आला आणि मानधनाचा किती, हे वेगळे काढून सांगणे कठीण. कोकणी माणूस व्यवहारी आहे. दोन्ही लागले असावेत. पहिल्याच हंगामात सुमारे पन्नास घरटी वाचली आणि दोन हजार सातशेहून अधिक पिल्ले समुद्रात गेली.

शिकवायचे काय?

‘स्थानिकांना प्रशिक्षण’ हे शब्द सरकारी अहवालांत इतक्या वेळा येतात, की त्यांचा अर्थ पुसट झाला आहे. कासवांच्या बाबतीत तो फार नेमका आहे, म्हणून थोडा तपशिलात पाहावा लागेल.

पहिला धडा माग वाचण्याचा. मादी वाळूवर येते म्हणजे अंडी घालतेच असे नाही. दिव्यांचा उजेड, कुत्र्यांची चाहूल, वाळूखाली लागलेले मूळ किंवा दगड यांपैकी काहीही कारण पुरते आणि ती तशीच परत फिरते. असा रिकामा फेरा कोणता आणि घरटे कोणते, हे ओळखता आले नाही तर वहीतील आकडा फुगतो. घरट्याच्या जागी वाळू विस्कटलेली असते, कारण मादी खड्डा बुजवल्यावर पोटाने आणि पायांनी ती दाबते आणि इतस्ततः उडवते. त्या विस्कटलेल्या भागात अंड्यांची जागा नेमकी कोठे, हे बारीक काठीने चाचपून पाहावे लागते. काठी हलकेच आत गेली तर खाली पोकळ खड्डा आहे. जोर जरा जास्त लागला तर अंडे फुटते. हे कौशल्य पुस्तकातून येत नाही. येथे जुने अंडी काढणारेच गुरू ठरले आणि अभ्यासक त्यांचे शिष्य.

दुसरा धडा वेळेचा. कोकणातील बहुतेक किनाऱ्यांवर घरटे जागच्या जागी ठेवणे धोक्याचे असते. भरतीचे पाणी, कोल्हे, कुत्री, कुर्ल्या आणि माणसांची वर्दळ, सगळेच शत्रू. म्हणून अंडी काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत, म्हणजे हॅचरीत, हलवली जातात. मात्र हे काम पहिल्या काही तासांतच व्हावे लागते. अंडे घातल्यानंतर काही तासांनी आतील गर्भ टरफलाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरले किंवा उलटे झाले, तर गर्भ दगावतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. कासवमित्राची फेरी पहाटेच का असते, याचे उत्तर या एका जीवशास्त्रीय तथ्यात आहे. सकाळी नऊ वाजता किनाऱ्यावर येणारा कर्मचारी येथे निरुपयोगी.

तिसरा धडा खड्ड्याचा. हॅचरीतील खड्डा मादीने खणला तसाच, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद, घागरीच्या आकाराचा आणि मूळ घरट्याइतकाच खोल असावा लागतो. हे केवळ अनुकरणाचे वेड नव्हे. कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे अंडी ज्या वाळूत उबतात तिच्या तापमानावर ठरते. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्हींचे प्रमाण संतुलित राहते. वाळू त्याहून तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. खड्डा उथळ झाला, तर आपण नकळत एका पिढीतील नर-मादीचे गणित बदलून टाकतो. हंगामाच्या शेवटी, मार्च-एप्रिलच्या उन्हात हॅचरीवर सावलीची जाळी धरण्याचे कारणही हेच. वाळू फारच तापली तर पिल्ले आतच मरतात.

त्यानंतरचे काम चिकाटीचे आहे. अंडी उबण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. दिवस भरत आले की प्रत्येक खड्ड्यावर टोपली उपडी घातली जाते आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहिली जाते. वाळू किंचित खचलेली दिसली की आत हालचाल सुरू झाली असे समजायचे. पिल्ले एकमेकांच्या आधाराने वाळू खाली ढकलत वर येतात. त्यांना उचलून थेट पाण्यात सोडायचे नाही. पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवायचे आणि स्वतः चालू द्यायचे. मोठ्या झालेल्या माद्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरात परततात, त्या ओळखीशी या पहिल्या प्रवासाचा संबंध असावा असे अभ्यासक मानतात. शेवटी खड्डा उकरून रिकामी टरफले, न उबलेली अंडी आणि आतच मेलेली पिल्ले मोजायची आणि वहीत लिहायची. अपयशाची ही नोंद करायला माणसे नाखूश असतात. चांगल्या कासवमित्राची परीक्षा खरे तर येथेच होते, कारण कोणत्या हंगामात, कोणत्या खड्ड्यात किती अंडी वाया गेली हे लिहिलेले नसेल, तर पुढच्या वर्षी चूक सुधारायची कशी?

महोत्सवाचा पैसा

मानधन किती दिवस पुरणार, हा प्रश्न सुरुवातीपासून होता. त्याचे उत्तर म्हणून २००६ पासून वेळासमध्ये ‘कासव महोत्सव’ भरू लागला. नावात महोत्सव असला तरी येथे मांडव, ध्वनिक्षेपक, खाद्यपदार्थांची रांग असे काही नाही. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास टोपल्या उचलल्या जातात. पिल्ले निघाली असतील तर सोडली जातात. नसतील तर पाहुणे हात हलवत परततात. मुंबई-पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास करून आलेल्या पर्यटकाला हे रुचत नाही. पण कासवाची पिल्ले वेळापत्रक पाळत नाहीत, हे समजावून सांगणे हाही प्रशिक्षणाचाच भाग झाला.

पाहुण्यांची सोय गावातील घरांतूनच होते. ओसरीवर झोपायचे, घरात शिजलेले जेवायचे, मोदक-घावन-सोलकढीचे कौतुक करायचे आणि त्या कुटुंबाला पैसे द्यायचे. कासव वाचले तर पाहुणे येतात आणि पाहुणे आले तर घराला उत्पन्न मिळते, हे सूत्र गावातील महिलांनी सर्वांत आधी ओळखले. किनाऱ्यावर अंडी चोरणारा आता एकट्या कासवमित्राचा नव्हे, तर सगळ्या गावाचा गुन्हेगार ठरला. वेळासचे मोहन उपाध्ये यांच्यासारखे स्थानिक तरुण या कामातूनच पुढे आले आणि पुढे जिल्ह्यातील इतर किनाऱ्यांवरील कामाचे मार्गदर्शक झाले. दापोली तालुक्यातील आंजर्ले, म्हणजे कड्यावरच्या गणपतीचे गाव, याच वाटेने गेले. केळशी, कोळथरे, दाभोळ, गुहागर, रत्नागिरी तालुक्यातील गावखडी आणि राजापूर तालुक्यातील माडबन, तसेच शेजारच्या रायगड व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनाऱ्यांपर्यंत घरटी राखण्याचे काम पसरले.

पर्यटनाची दुसरी बाजूही आहे. किनाऱ्यावर रात्री येणारी वाहने, भ्रमणध्वनीचे दिवे, पिलांना हातात घेऊन छायाचित्र काढण्याचा आग्रह हे सारे त्याच वाटेने आले. ज्या गावांत कासवमित्रांचा शब्द चालतो तेथे दोरी बांधून गर्दी मागे ठेवली जाते. ज्या गावांत निवासाच्या धंद्याने वेग घेतला आणि राखणीची शिस्त मागे राहिली, तेथे हे जमत नाही. मोठ्या सुटीला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी हा फरक कोणालाही दिसतो.

सरकार किनाऱ्यावर येते तेव्हा

राज्य सरकारने २०१२ मध्ये वन विभागांतर्गत कांदळवन कक्ष स्थापन केला आणि त्यानंतर कांदळवन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. सागरी जीवांसाठी स्वतंत्र यंत्रणा असणारे महाराष्ट्र हे मोजक्या राज्यांपैकी एक ठरले. स्वयंसेवी संस्थेने घालून दिलेली घडी यथावकाश वन विभागाने उचलली आणि किनाऱ्यांवरील कासवमित्रांना हंगामापुरते मानधन मिळू लागले. डिसेंबर २०१८ मध्ये आणखी एक योजना आली. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याच्या नुकसानीपोटी कमाल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचे ठरले. कासव किनाऱ्यावर वाचवायचे आणि समुद्रात जाळ्यात बुडू द्यायचे, यात अर्थ नव्हता. पाण्याखाली अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही, एवढे लक्षात घेतले तरी या योजनेचे मोल कळते.

पाठोपाठ कसोटीचा काळ आला. मार्च २०२० मध्ये, ऐन पिल्ले निघण्याच्या दिवसांत टाळेबंदी लागू झाली. पाहुणे थांबले, गावाचे उत्पन्न थांबले. अंडी मात्र वाळूत उबतच होती. त्याच वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले आणि मंडणगड, दापोली तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पाहुण्यांच्या उत्पन्नावर विसंबून असलेल्या संवर्धनाचा पाया किती हलू शकतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

आकडे कसे वाचावेत

गेल्या काही हंगामांत कोकण किनाऱ्यावरील घरट्यांचे आकडे लक्षणीय वाढले आहेत. २०२३-२४ च्या हंगामात तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे अडीच हजार घरटी नोंदली गेली. २००२ च्या पन्नास घरट्यांशी याची तुलना करून ‘पन्नासपट वाढ’ असे मथळे देण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. तेव्हा एका गावात पहारा होता, आता अनेक किनाऱ्यांवर आहे. तेव्हा कोणी चालत नव्हते तेथे आता रोज चालतात. त्यामुळे पूर्वी न दिसलेली घरटी आता दिसतात. ऑलिव्ह रिडले कासव साधारण दहा ते पंधरा वर्षांत प्रजननक्षम होते. म्हणजे पहिल्या हंगामांत सोडलेली पिल्ले आता माद्या होऊन परतत असणे काळाच्या हिशेबात बसते. पण हजारात एखादेच पिल्लू मोठे होते असा सर्वसाधारण अंदाज आहे आणि पिलांवर कोणतीही खूण केलेली नव्हती. त्यामुळे हा हिशेब अनुमानाचाच राहतो. वाढ खरी किती आणि नजरेची किती, हे सांगू शकेल अशी गोष्ट एकच: एकाच किनाऱ्यावर, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षे भरलेली वही.

या वह्यांचा उपयोग आता अभ्यासकांनाही होऊ लागला आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला अंडी घालून परतणाऱ्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवण्यात आले आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेवर असा प्रयोग पहिल्यांदाच होत होता. भारतीय वन्यजीव संस्थेचे शास्त्रज्ञ आर. सुरेशकुमार आणि कांदळवन प्रतिष्ठान यांच्या या प्रकल्पात आंजर्ल्याची ‘सावनी’, गुहागरच्या ‘रेवा’, ‘वनश्री’ आणि ‘लक्ष्मी’ यांची भर पडली. २०२३ मध्ये गुहागरहूनच ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ या दोघींना यंत्रे लावण्यात आली. बागेश्रीने दक्षिणेचे टोक ओलांडले, श्रीलंकेला वळसा घातला आणि ती बंगालच्या उपसागरात शिरली, तेव्हा कोकणची कासवे अरबी समुद्रापुरतीच, हा समज मोडला.

त्याहून मोठा धक्का २०२५ च्या जानेवारीत बसला. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायाला धातूची पट्टी दिसली. पट्टीवर क्रमांक होता ०३२३३. ही पट्टी २०२१ मध्ये ओडिशात, लाखो कासवे एकाच वेळी अंडी घालतात त्या गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावलेली होती. अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवे वेगळी, की एकाच समुदायाच्या दोन शाखा, या जुन्या प्रश्नाला त्यामुळे नवे वळण मिळाले. येथे यंत्र नव्हते, उपग्रह नव्हता. रात्री किनाऱ्यावर कोणीतरी हजर होते, त्याला पट्टी दिसली, तिचे महत्त्व कळले आणि क्रमांक उतरवून घेतला गेला. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हीच मादी आली असती, तर पट्टीचे काय झाले असते हे सांगायला नको.

राखणदार टिकणार का?

या कामाची कमकुवत बाजूही तेथेच आहे. कासवमित्राचे मानधन हंगामी असते. पावसाळ्यात शेती, मग थोडीफार मासेमारी आणि नोव्हेंबरपासून पहाटेची गस्त, असे वर्ष जुळवणारी माणसे आता पन्नाशी-साठीकडे झुकली आहेत. गावातील तरुण मुंबईला किंवा पुण्याला जातात, हे कोकणाला नवे नाही. पण काठी किती जोराने टोचायची हे ज्याच्या हाताला कळते, तो माणूस निघून गेला की त्याची जागा दोन दिवसांच्या शिबिराने भरून निघत नाही.

किनाराही पूर्वीचा राहिलेला नाही. धूप थांबवण्यासाठी दगडी बंधारे घातले गेले, की मादीला वर चढायला वाळूच उरत नाही. हॅचरीबाबतही तज्ज्ञांत मतभेद आहेत. अंडी हलवणे हा नाइलाजाचा उपाय आहे. जेथे धोका कमी तेथे घरटे जागच्या जागी ठेवून त्यावर जाळीचे संरक्षण द्यावे, असे अनेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. ते तत्त्वतः योग्यच. मात्र त्यासाठी एका कुंपणाऐवजी किलोमीटर-किलोमीटरभर विखुरलेल्या घरट्यांवर लक्ष ठेवावे लागेल, म्हणजे माणसे कमी नव्हे, अधिक लागतील. समुद्रातील ट्रॉलरचा प्रश्न तर आणखी वेगळा. कोळंबीच्या जाळ्यांना कासवाच्या सुटकेची खिडकी नसल्याने अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातील समुद्री कोळंबीची आयात थांबवली. निर्यातीला फटका बसल्यावर या खिडकीची चर्चा जोरात सुरू झाली, ती कासवांच्या प्रेमापोटी झाली असे म्हणता येणार नाही.

वाळूवरून चिखलाकडे

वेळासची ही रीत इतर किनारी अधिवासांना लागू पडेल का, हा प्रश्न आता पुढे येतो. त्यातील एक अधिवास म्हणजे समुद्री गवताची कुरणे. समुद्री गवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे, पाने, फुले असतात. हिरव्या कासवाचे ते मुख्य खाद्य, डुगाँगचे तर सर्वस्व. भारतात त्याची मोठी कुरणे मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि कच्छच्या आखातात आहेत. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केले. त्या भागात मच्छीमारांमधूनच डुगाँग स्वयंसेवक तयार करण्यात आले आहेत. कोकणात पावसाळ्यातील गढूळ पाणी आणि लाटांचा मारा यांमुळे अशी कुरणे पसरत नाहीत. राज्याच्या दक्षिण भागातील आणि गोव्यातील खाड्यांत, कांदळवनाच्या कडेच्या चिखलात ‘हॅलोफिला बेकारी’ नावाचे इवल्या पानांचे गवत मात्र आढळते. जागतिक पातळीवर त्याची गणना संकटग्रस्त होऊ शकणाऱ्या वनस्पतींत होते. ते इतके लहान असते, की तुडवणाऱ्याला आपण काय तुडवतो याचा पत्ता नसतो.

या गवतावर लक्ष ठेवण्याची पद्धत कासवांच्या मोजणीइतकीच साधी आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये १९९८ पासून सामान्य नागरिक ती वापरत आहेत. ओहोटीच्या वेळी ५० मीटरची दोरी अंथरायची, ठराविक अंतरावर ५० सेंटिमीटर बाजूची चौकट ठेवायची, चौकटीत गवताने किती टक्के जागा व्यापली आहे याचा अंदाज लिहायचा, छायाचित्र काढायचे आणि काही महिन्यांनी त्याच जागी परत यायचे. महागडे काहीच नाही. परत येणे तेवढे महत्त्वाचे. रत्नागिरीच्या खाड्यांत ओहोटीला मुळे आणि तिसऱ्या काढायला उतरणाऱ्या महिलांना चिखल कोठे घट्ट, कोठे पाय रुततो, कोठे काय उगवते हे जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशात नसते. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, म्हणजे शिकवणारेही दूर नाहीत. वेळासला अंडी काढणाऱ्यांच्या हाती वही दिली गेली. येथे ती मुळे काढणाऱ्या महिलांच्या हाती द्यावी लागेल आणि त्यांच्या बुडणाऱ्या मजुरीची भरपाई पहिल्या दिवसापासून ठरवावी लागेल.

कासवे पाहायला जाताना

कोकणात ऑलिव्ह रिडलेचा विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो, आणि पिल्ले मेपर्यंत निघत राहतात. पाहुण्यांसाठी मार्च-एप्रिल हा सर्वांत योग्य काळ. निघण्यापूर्वी गावातील निवासव्यवस्था चालवणाऱ्यांकडे त्या आठवड्यात कोणत्या खड्ड्यांचे दिवस भरत आहेत याची चौकशी करावी. वेळासला मंडणगडहून आणि आंजर्ल्याला दापोलीहून जाता येते. किनाऱ्यावर दिवे, वाहने आणि कुत्री नेऊ नयेत, पिलांना हात लावू नये, दोरीच्या आत जाऊ नये आणि छायाचित्रासाठी प्रकाशझोत वापरू नये. रात्री अंडी घालणारी मादी दिसली तर तिच्यापासून दूर, शक्यतो मागच्या बाजूला, शांत उभे राहावे. जखमी किंवा जाळ्यात गुरफटलेले कासव आढळल्यास ते ओढत पाण्यात लोटू नये. सावलीत ठेवून, ओले फडके पाठीवर टाकून, स्थानिक कासवमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरटे उकरलेले दिसले तर त्याची जागा लक्षात ठेवून तेही कळवावे. अंडी स्वतः हलवू नयेत.